नामानाची माती आणि गेहजीची चांदी

गेल्या फेब्रुवारीत गावी गेले होते. रविवारची उपासना चालू होती. पाळकसाहेबांनी शास्त्रभाग घेतला मत्तय ६:२४, दोन धन्यांची चाकरी कोणालाच करता येत नाही असं सांगणारं वचन. उपदेश मात्र वेगळ्याच दिशेने गेला. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमीही नुकतीच झाली होती, त्यामुळे विषय तयारच होता: हळदीकुंकवाला जाणाऱ्या ख्रिस्ती बाया, शेजारच्या घरचा गणपतीचा प्रसाद तोंडात टाकणारी माणसं, पोराच्या दाखल्यावर एक धर्म आणि घरात दुसरा धर्म ठेवणारे लोक. "दोन्ही डगरींवर पाय ठेवाल तर मधल्या पाण्यात जाल," असं म्हणून त्यांनी संपवलं.

माझ्या शेजारी आत्या बसली होती. घरी येताना निम्म्या रस्त्यापर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू एवढं शिकतेस, तर सांग. मी दोन डगरींवर आहे का गं?"

आत्या तीस वर्षं शेजारणीकडे हळदीकुंकवाला जाते. कुंकू लावून घेत नाही, शेजारीणही कधी आग्रह करत नाही. वाण घेते, तिळगूळ खाते, गप्पा मारते, घरी येते. मामा दवाखान्यात होते तेव्हा एकवीस दिवस डबा त्याच घरातून येत होता. ती आजही रोज पहाटे उठून गुडघ्यावर प्रार्थना करते. तिला मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. ही पोस्ट म्हणजे तेच उत्तर जरा नीट द्यायचा प्रयत्न.

नव्या वाचकांसाठी: माझा प्रबंध मराठी ख्रिस्ती लेखनातल्या 'एकनिष्ठा' या कल्पनेवर आहे. भक्ती विभागली गेली आहे असं आपण कधी म्हणतो, कोणाला म्हणतो, आणि त्यासाठी शास्त्रातलं कोणतं वचन पुढे करतो, असे माझे प्रश्न आहेत. विभागलेल्या भक्तीचा धोका खोटा आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. धोका खरा आहे, आणि बायबल त्याबद्दल फार कडक बोलतं. माझी तक्रार एवढीच आहे की आपण तो शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर शोधतो, आणि आपण जी वचनं वाचून दाखवतो ती बहुतेक वेळा दुसरीकडे बोट दाखवत असतात.

त्या रविवारचंच वचन घ्या. येशू दोन धन्यांची नावं घेतो. एक देव. दुसरा कोण? बआल नाही, झ्यूस नाही, रोमचा कैसर नाही. दुसरा 'मामोन', म्हणजे धन, मालमत्ता. शब्द अरामी आहे, आणि ग्रीकमध्ये शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी तो भाषांतर न करता तसाच ठेवला, जणू ते विशेषनाम असावं. गालीलच्या आसपास परक्या देवांची देवळं कमी नव्हती. उदाहरण द्यायचंच असतं तर हाताशी होतं. दिलं नाही. लूकच्या १६व्या अध्यायात हेच वचन पुन्हा येतं, आणि त्याच्या पुढच्याच ओळीत ते ऐकून नाक मुरडणारे कोण आहेत हेही सांगितलंय: परूशी, म्हणजे परक्या देवाच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे, नियमाने काटेकोर लोक. लूक त्यांना धनलोभी म्हणतो.

आणखी एक गोष्ट. आपण 'सेवा' वाचतो तिथे मूळ ग्रीक क्रियापद गुलामी करण्याचं आहे. त्या काळी एका गुलामाचे दोन मालक असणं ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट होती. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पैमध्ये भविष्य सांगणारी जी दासी भेटते, तिचेही 'धनी' अनेकवचनी आहेत. तेव्हा हे कायद्याने अशक्य आहे असं येशूला म्हणायचं नाही. तो म्हणतो ते मनाबद्दल आहे: एकावर जीव जडेल, दुसरा नकोसा होईल. म्हणजे तपासायचं असेल तर माणूस कोणाच्या घरी जातो हे पुरेसं नाही. अडचणीच्या वेळी तो कोणाच्या भरवशावर झोपतो, हे बघायला हवं.

आता यावर लगेच येणारा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो माझ्या पहिल्याच सादरीकरणात आला होता. कर्मेलचं काय? एलीयाने तर सरळ विचारलं होतं की परमेश्वर की बआल.

विचारलं होतं. १ राजे १८ हा अध्याय मला लहानपणापासून आवडतो (शब्बाथ शाळेच्या नाटकात मी बआलच्या संदेष्ट्यांपैकी एक होते, चारशे पन्नासांच्या वतीने आम्ही चार मुली नाचलो होतो). त्यातल्या एका शब्दाकडे मात्र माझं लक्ष हिब्रू शिकायला लागल्यावर गेलं. एलीयाचा प्रश्न बहुतेक भाषांतरांत दोन मतांमधली चलबिचल अशा अर्थाने येतो. हिब्रूत क्रियापद लंगडण्याचं आहे. कशावर लंगडता, त्या शब्दाबद्दल वाद आहेत. कोणी दोन फांद्या म्हणतात, कोणी दोन कुबड्या. आपल्या दोन डगरींच्या हे फार जवळचं आहे. गंमत पुढे आहे. पाचच ओळींनंतर बआलचे संदेष्टे वेदीभोवती नाचतात, तिथेही तेच क्रियापद आहे. लेखकाने लोकांचं लंगडणं आणि त्या पुजाऱ्यांचा नाच एकाच शब्दाने जोडलाय.

पण हे लोक लंगडत का होते? तीन वर्षं पाऊस नव्हता. बआल हा पावसाचा देव. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा इथे १९२९ पासून जे उत्खनन झालं, त्यात सापडलेल्या उगारितच्या मातीच्या पाट्यांवर तो ढगांवर स्वार होणारा, गर्जना करणारा देव म्हणून भेटतो. शेतकऱ्याचा हिशोब साधा होता. बापजाद्यांना मिसरातून सोडवणारा परमेश्वर आहेच, तो सणाला. पण पेरणीला कोण? त्यासाठी इथला अनुभवी देव बरा. पुढे होशेय हा संदेष्टा लोकांच्या या वागण्याला व्यभिचार म्हणतो, आणि उपदेशात ही उपमा फार आवडीने वापरली जाते. पण होशेयचा दुसरा अध्याय नीट वाचा. ती बाई प्रियकरांमागे जाते ती प्रेमाने नाही. भाकरी, पाणी, लोकर, तेल तेच देतात, असा तिचा समज आहे. म्हणजे व्यभिचाराच्या उपमेतही मुद्दा पोटाच्या सुरक्षिततेचा आहे. ही उपमा वापरून आपण नेहमी बायकांकडेच का बघतो, हा वेगळा लेख होईल.

आणि उपासनेतली सरमिसळ तेव्हा अपवाद होती असंही नाही. सिनाईच्या वाळवंटात कुंतिल्लेत अजरूद नावाच्या जागी १९७५-७६ मध्ये सापडलेल्या, इ.स.पू. ८०० च्या आसपासच्या मोठ्या रांजणांवर 'शोमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा' यांच्या नावाने आशीर्वाद लिहिलेले आहेत. अशेरा म्हणजे देवी की पूजेचा खांब, यावर अजून भांडणं चालू आहेत. असो. सांगायचं एवढंच की एलीया ज्यांच्याशी बोलत होता ते कोणी पाखंडी नव्हते, ते साधे, घाबरलेले, दोन्हीकडे हात जोडणारे शेतकरी होते. धोका तिथेच होता. एका देवावर विश्वास आहे, पण तेवढ्यावर पीक सोडायची हिंमत नाही.

एलीयाचा शिष्य अलीशा. गुरूची कर्मेलची गोष्ट उपदेशात वर्षातून दोनदा तरी ऐकू येते. शिष्याची ही गोष्ट मात्र अर्धीच सांगितली जाते. नामान हा अरामी सेनापती, कोड झालेला, यार्देन नदीत सात वेळा बुडी मारून बरा होतो. बुडी झाली की आपला उपदेश संपतो. २ राजे ५ मध्ये त्यानंतरही बरंच काही आहे, आणि माझ्या मते विभागलेल्या भक्तीबद्दल संपूर्ण बायबलमधला सगळ्यात बारकाईचा विचार त्या उरलेल्या भागात आहे.

बरा झालेला नामान अलीशासमोर उभा राहतो आणि म्हणतो की आता मला कळलं, इस्राएलाच्या देवाशिवाय देव नाही. तो भेट द्यायला बघतो, अलीशा शपथ घालून नाकारतो. मग नामान दोन गोष्टी मागतो. पहिली: दोन खेचरांवर मावेल एवढी इथली माती, म्हणजे दिमिष्कातही या देवाच्या मातीवर उपासना करता येईल. (ही मागणी मला फार हलवते. नुकताच विश्वास ठेवलेल्या माणसाला देव मातीत बांधलेला वाटतोय, आणि अलीशा त्याला धर्मशास्त्राचा तास देत नाही.) दुसरी मागणी जरा अडखळत येते. माझा राजा रिम्मोनच्या देवळात नमायला जातो तेव्हा माझ्या हाताचा आधार घेतो, मलाही वाकावं लागतं. तेवढ्या एका गोष्टीची परमेश्वराने मला क्षमा करावी.

रिम्मोन कोण? तो हदाद. उगारितच्या पाट्यांवर बआलचं खरं नाव हेच. म्हणजे कर्मेलवर ज्याच्यासाठी अग्नी पडला नाही, त्याच वादळाच्या देवाचं दिमिष्कातलं देऊळ. कर्मेलवरच्या वीराचा शिष्य यावर काय म्हणाला असेल? तो म्हणाला, शांतीने जा.

टीकाकार इथे गडबडतात. काही म्हणतात ही परवानगी नाही, फक्त निरोप आहे. शब्दांपुरतं ते बरोबर असेलही. पण अलीशाला नको म्हणता येत होतं. मिनिटभरापूर्वीच चांदीला त्याने शपथेवर नको म्हटलं होतं.

आणि अध्याय इथेही संपत नाही. अलीशाचा चाकर गेहजी हे सगळं बघतो. एवढी संपत्ती हातची गेली म्हणून तो नामानाच्या मागे धावतो, खोटी गोष्ट रचतो की दोन गरीब शिष्य आलेत, एक किक्कार चांदी आणि दोन पोशाख द्या. नामान एकाऐवजी दोन किक्कार देतो. एक किक्कार म्हणजे तीस किलोच्या वर, तेव्हा उचलायला नामानाचीच दोन माणसं लागतात. गेहजी ते घरात ठेवतो आणि येऊन धन्यासमोर उभा राहतो. कुठे गेला होतास? कुठेच नाही. आणि नामानाचं कोड त्याला जडतं.

हे एका अध्यायात आहे, हे लक्षात घ्या. जो माणूस उद्या परक्या देवळात वाकणार आहे तो शुद्ध होऊन शांतीने घरी जातो. ज्याने आयुष्यात रिम्मोनचं दारही बघितलं नाही, जो संदेष्ट्याच्या घरात राहतो, तो कोड घेऊन बाहेर पडतो. लेखकाने हे दोघे शेजारी ठेवले ते सहज ठेवले असं मला वाटत नाही. एकाचं शरीर दोन ठिकाणी आहे, मन एका ठिकाणी. दुसऱ्याचं बरोबर उलटं.

'मन दोन ठिकाणी' यासाठी याकोबाच्या पत्रात एक खास शब्द आहे, 'दिप्सुखोस', म्हणजे दोन जिवांचा. याकोबाआधीच्या ग्रीक लेखनात तो सापडत नाही असं अभ्यासक मानतात. हा शब्द कोणत्या पत्रात आलाय ते बघण्यासारखं आहे. त्याच पत्रात सोन्याची अंगठी घालून सभेत आलेल्याला पुढची चांगली जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीची खरडपट्टी आहे. त्याच पत्रात मजुरांची मजुरी अडकवणाऱ्या धनवानांना शाप आहे. (आमच्या मंडळीत नाताळच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत सोफा कोणासाठी मांडतात, हे मी लिहीत नाही.) एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कच्या कीर्केगार्डने याच पत्रातल्या दोन मनांच्या वचनावर १८४७ मध्ये एक लांबलचक चिंतन लिहिलं. त्याच्या कोपनहेगनमध्ये जवळजवळ सगळेच जन्मतः राज्याच्या चर्चचे सभासद. प्रसाद नाही, जत्रा नाही, शेजारचा दुसरा देव नाही. तरी त्याला सगळीकडे दोन मनांची माणसं दिसली: बक्षिसासाठी चांगलं वागणारी, शिक्षेच्या भीतीने चांगलं वागणारी. मला तो यासाठी उपयोगी पडतो की तिथे बोट दाखवायला दुसरा धर्मच नव्हता, आणि तरी आजार होताच.

पौलाला मी सोयीस्कर विसरले असं वाटू नये. करिंथकरांस पहिल्या पत्रात तो मूर्तीपुढच्या नैवेद्याच्या मांसाबद्दल तीन अध्याय घालवतो. बाजारात मिळेल ते खा, चौकशी करू नका. कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण दुबळ्या मनाच्या भावाला ठेच लागत असेल तर खाऊ नका. आणि प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला, दोन्ही पिता येणार नाहीत. शेवटचं वाक्य कडक आहे, ते मऊ करायचा प्रयत्न मी करणार नाही. देवळातल्या पूजेत सहभागी होणं आणि शेजारणीच्या ओट्यावर तिळगूळ खाणं यांत पौल फरक करतो एवढंच म्हणते. त्या रविवारच्या उपदेशात तो फरक नव्हता.

इथे एक गोष्ट आमच्या पूर्वजांच्या बाजूने सांगायलाच हवी. नाहीतर ही टीका फार स्वस्त होईल. नगर जिल्ह्यातल्या पहिल्या पिढ्यांतले बहुतेक ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आले. गावच्या जत्रेत, मरीआईच्या गाड्यात, मेलेली गुरं ओढण्यात त्यांची कामं ठरलेली होती. देव आणि गावकी एकाच दोरीने बांधलेले होते. त्यांच्यासाठी जत्रेला नाही म्हणणं म्हणजे वेठीला नाही म्हणणं होतं. दोन धन्यांचं वचन त्यांना अक्षरशः लागू होतं, दुसरा धनी समोर काठी घेऊन उभा होता. आणि हळदीकुंकवाचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांच्या बायकांना बोलावतच कोण होतं? त्यांचा नकार फार महागाचा होता. तोच नकार आज आत्यावर आणि तिच्या शेजारणीवर जसाच्या तसा लावला की त्यातली वेठ निघून जाते आणि नुसतं सोवळं उरतं. ज्या सोवळ्याने त्यांना बाहेर ठेवलं होतं, तेच.

आता माझ्या प्रबंधातल्या मुख्य माणसांकडे येते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचं ते बोलत, अभंग आणि ओव्या लिहीत, कीर्तनं करत. त्यांचा विषय निघाला की एक ठरलेला प्रश्न येतो: हे नक्की ख्रिस्ती की अर्धे वारकरी? त्यांची भक्ती विभागलेली होती का?

मी असं म्हणेन की प्रश्न बरोबर आहे, जागा चुकली. टिळकांना स्वतःला आपण विभागले गेलोय असं वाटत होतं, पण तुकाराम आणि ख्रिस्त यांच्यात नाही. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. मिशनशी वैर धरलं नाही. वय पंचावन्नच्या पुढे, तब्येत यथातथा, घरात पैसा टिकवायची सवय आयुष्यात कधी नव्हती ('स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना हे सांगायला नको). पोटासाठी बाटले, हा टोमणा त्या काळच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने ऐकलेला. टिळकांनी अभंग सोडले नाहीत. सोडला तो पगार. माझ्या वाचनाप्रमाणे मत्तय ६:२४ चा मराठीतला हा सगळ्यात प्रामाणिक अर्थ आहे, आणि तो कागदावर लिहिलेला नाही. अलीशाने नाकारलेली चांदी ती हीच.

पण टिळकांवरही टीका करायला हवी. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत अशी त्यांची कल्पना होती. कल्पना उदार आहे. पण बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताचा भक्त राहणं कोणाला परवडणार होतं? ज्याच्याकडे राखायला जात आहे, वाडा आहे, पंगत आहे, त्याला. महारवाड्यातून आलेल्याला ही सोय काय कामाची? तो नामानासारखा सेनापती नव्हता, त्याच्या हातावर कोणी राजा टेकत नव्हता. इथे उच्चवर्णीय भक्ताला दोन्ही डगरींवर आरामात बसायची खुर्ची मिळण्याचा धोका होता. दरबार नीट वाढायच्या आतच ९ मे १९१९ रोजी टिळक गेले, तेव्हा हा धोका खरा ठरला असता की नाही, हा प्रश्न तसाच राहिला.

लक्ष्मीबाईंचं वेगळं. 'स्मृतिचित्रे' (चार भाग, १९३४ ते १९३६) आपण विनोदासाठी, भाषेसाठी, संसाराच्या चित्रासाठी वाचतो. मी ते विभागलेल्या भक्तीवरचं मराठीतलं सगळ्यात खरं पुस्तक म्हणून वाचते. नवऱ्याने देव बदलला. तिला लहानपणापासून एकच निष्ठा शिकवलेली, पती हाच देव. आता पतीकडे जावं तर देव सुटतो, देवाकडे राहावं तर पती सुटतो. पाच वर्षं ती या पेचात आहे, काही काळ तर चक्क पंढरपुरात राहून. एकत्र राहायला लागल्यावरही चूल वेगळी, पाणी वेगळं. पाणी कोणाच्या हातचं प्यायचं, हा तिचा खरा धर्मप्रश्न होता, आणि तो सुटायला वेळ लागला. आधी जात सुटली, मग बाप्तिस्मा झाला, १९०० साली. या पाच वर्षांबद्दल लिहिताना ती स्वतःला ना दोष देते ना गौरवते. त्यामुळेच मला ते महत्त्वाचं वाटतं. व्यासपीठावरून बोलणाऱ्याला विभागलेलं मन म्हणजे गुन्हा वाटतो. तिच्या पुस्तकात ते एक वय आहे, त्यातून माणूस जातो, आणि त्याला घाई करता येत नाही. शांतीने जा, हे तिला कोणी म्हटलं नाही. तिने वेळ आपणहून घेतला.

राहिला दाखला. हा भाग लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान नाहीत. म्हणजे महारवाड्यातली, मांगवाड्यातली जात बाप्तिस्म्याने गावाच्या नजरेतून जात नाही, पण सरकारच्या कागदावरून जाते. म्हणून कितीतरी घरांत दाखल्यावर 'हिंदू' आहे आणि रविवारी माणसं मंडळीत आहेत. पाळकसाहेबांचा तिसरा मुद्दा हाच होता. न्यायालयानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका बाईच्या प्रकरणात, केवळ आरक्षणासाठी धर्माचा दावा करणं म्हणजे संविधानाशी फसवणूक, अशा अर्थाचं म्हटलं. व्यासपीठ आणि न्यायालय एकाच माणसाला एकच दोष देतात, हे जरा चमत्कारिक आहे.

हे लोक नामान आहेत की गेहजी? मी पहिल्या मसुद्यात बेधडक 'नामान' लिहून टाकलं. राजाचा हात त्यांच्या हातावर टेकलेला आहे, वाकावं लागतं. गाईडनी समासात एकच ओळ लिहिली: "हे तुझ्या सोयीचं वाचन नाही ना?" मी दोन दिवस चिडून होते. मग कळलं की प्रश्न रास्त आहे. मीच तर एवढा वेळ सांगतेय की बायबलचा रोख देवळाकडे कमी आणि लाभाकडे जास्त आहे. आणि दाखला हा लाभच आहे, शिष्यवृत्ती आहे, फी आहे, जागा आहे. माझ्याच मोजपट्टीने हे लोक गेहजीच्या बाजूला पडतात.

यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. दोन गोष्टी मात्र दिसतात. गेहजीला काही कमी नव्हतं, त्याने गरिबांचं नाव पुढे करून स्वतःसाठी घेतलं. इथे गरीब स्वतःच्या नावाने, ज्या जातीचा भोग अजून संपलेला नाही तिच्यासाठी मागतोय. आणि नामानाने अडचण उघड सांगितली, ऐकणाऱ्याने त्याला लाज आणली नाही. आमच्याकडे ती सांगायची कोणाला? व्यासपीठावरून दोन डगरींचा उपदेश होतो तेव्हा मंडळीतली निम्मी माणसं खाली बघतात. 'कुठेच गेलो नव्हतो' हे उत्तर गेहजीने भीतीपोटी दिलं. आपण आपल्या माणसांना रोज तेच उत्तर द्यायला शिकवतोय. तिकडे मंडळ्यांच्या जमिनी आणि इमारतींवरून विश्वस्तांची भांडणं कोर्टात वर्षानुवर्षं चालतात, आणि त्यावर दोन धन्यांचं वचन घेऊन झालेला उपदेश मी अजून ऐकलेला नाही.

मागच्या महिन्यात आत्याला फोनवर नामानाची सगळी गोष्ट सांगितली, मातीपासून कोडापर्यंत. तिने ती लहानपणापासून ऐकलेली, पण बुडीपर्यंतच. मी थांबल्यावर जरा वेळ गप्प होती. मला वाटलं आता हळदीकुंकवाबद्दल विचारेल.

"आणि ती चांदी?" ती म्हणाली. "गेहजीच्या घरात ठेवलेली. तिचं पुढे काय झालं?"

ते शास्त्रात दिलेलं नाही, म्हटलं.

"बघ परत," ती म्हणाली. "कुठेतरी असेल."